आडावरची मोटर आणि बोरची मोटर

आमच्या घराला पाणी देणाऱ्या आजवर चार मोटारी झाल्या. पहिली १९८९ सालची, अर्ध्या हॉर्सपॉवरची, आडावर बसवलेली. दुसरी आणि तिसरी बोरमधल्या, एकेका हॉर्सपॉवरच्या. दोन्ही मिळून सात वर्षं टिकल्या. चौथी २०१९ पासून बोरमध्ये आहे. यातली पहिली आजही चालते. पाहुणे विचारतात, "मोटर किती वर्षं टिकते हो?" तेव्हा कोणत्या मोटारीचं सांगावं हा प्रश्न पडतो. दुकानदार सांगतो, दहा वर्षं. तो खोटं बोलत नाही, पण त्याच्या दुकानात मोटर कोरड्या खोक्यात असते.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. नगर-कल्याण रोडवर टाकळी ढोकेश्वरच्या अलीकडं उतरायचं आणि दीड कोस आत वस्तीवर यायचं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत कंडक्टरला 'एक नगर द्या' असंच तोंडातून निघतं.) पाऊस चांगल्या वर्षी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, वाईट वर्षी मोजायचं कारणच पडत नाही. वस्तीवर आजोबांनी खांदलेला आड आहे, चाळीस फूट खोल, वरचे पंधरा फूट दगडी बांधकाम. त्याच्यावर लाकडी रहाट होता. आईचे दोन्ही तळहात त्या सोलानं कायम खरखरीत असायचे.

१९७२ ला आड आटला. मी बारा वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची. पाणी मैलभरावरच्या झऱ्यावरून वाटीनं भरून आणायचं. दुष्काळानंतर गावठाणात सरकारी बोर झालं आणि त्याच्यावर हापसा बसला. हापशाची हकिकत मला पुढं एका पाणलोटाच्या शिबिरात कळली. सुरुवातीचे हापसे बिडाचे होते, एखाद्या घरानं अंगणात वापरावेत अशा बेताचे. त्याच्यावर सगळं गाव तुटून पडायचं, मग दांडा मोडायचा. जालन्याच्या आणि नंतर सोलापूरच्या मिशनच्या लोकांनी आपल्या वर्कशॉपमध्ये पोलादी, दणकट हापसा तयार केला. त्याच्यावरूनच सत्तरच्या दशकाच्या शेवटी युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू निघाला आणि तो देशभर, पार आफ्रिकेपर्यंत गेला. म्हणजे जगभर चाललेल्या हापशाचं मूळ आपल्याच दुष्काळी मुलखात आहे. हे मला फार आवडलं होतं.

वीज आमच्या वस्तीवर १९८४ ला आली. पाच वर्षं नुसते दिवे लागले. १९८९ ला कांद्याची पट्टी बरी आली आणि वडलांनी नगरवरून अर्ध्या हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक मोटर आणली. किंमत सतराशे रुपये. एसटीच्या टपावरून आली आणि स्टँडवरून बैलगाडीत. बसवायला टाकळीचे मिस्त्री आले. तेव्हा ते पंचविशीतले असतील. त्यांनी आडात वाकून पाहिलं आणि वडलांना म्हणाले, "तात्या, ही मोटर वर लांबवर ढकलंल, पण खालून ओढायला लई कमजोर. हिला पाण्याजवळ न्या."

मोटर पाणी ओढते म्हणजे काय, हे त्यांनी मला तिथंच समजावलं. मोटर फक्त पायपातली हवा काढते. आडातल्या पाण्यावर बाहेरची हवा दाबत असते, ती पाणी पायपात चढवते. ही हवा फार तर चौतीस फूट पाणी पेलते, आणि प्रत्यक्षात वीस-बावीस फुटांच्या पुढं भरवसा नाही. मग कोणत्याही कंपनीची मोटर आणा. म्हणून आडाच्या बांधकामात लोखंडी अँगल ठोकून, सोळा फुटांवर मोटर बसवली. पुढं दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटर आणखी खाली घ्यायची आणि मृगाच्या आधी वर. पावसाळ्यात एकदा आड रात्रीत भरला आणि मोटर बुडाली. दोन दिवस उन्हात ठेवून, वाळवून परत चालवली.

ही मोटर आजारी पडली नाही असं वर्ष गेलं नसेल. पण तिचे आजार बारके आणि ओळखीचे होते. सगळ्यात जास्त त्रास फुटबॉलचा. ज्याला पुस्तकात फूट व्हॉल्व्ह म्हणतात त्याला आमच्याकडं फुटबॉलच म्हणतात. त्यातलं कातडं झिजलं किंवा खडा अडकला की पायपातलं पाणी रात्रीतून उतरायचं आणि सकाळी मोटर नुसती फिरायची. मग वरून तांब्यानं पाणी ओतून हवा काढायची. कातडं पाच रुपयांचं. ग्लँडमधून पाणी गळायला लागलं की दोरी भरायची. कपॅसिटर गेला की मोटर नुसती घूं करायची, फिरायची नाही. अशा वेळी बटन लगेच बंद करायचं असतं, नाहीतर दोन मिनिटांत वाइंडिंगचा वास येतो. बेरिंग जाणार असलं की मोटर महिनाभर आधीपासून ओरडून सांगते. आमच्या मंडळींना तो आवाज माझ्या आधी कळायचा. चुलीपुढून म्हणायच्या, "मोटर दाणे भरडायला लागली बघा."

बावीस वर्षांत तिचं वाइंडिंग दोनदा भरलं. आमच्याकडं 'मोटर भरली' म्हणतात. १९९६ ला आणि २००५ ला. दोन्ही वेळा कारण एकच, व्होल्टेज. आमची वस्ती लाइनच्या पार शेपटाला. डीपीवर मोटारी वाढत गेल्या, २३० च्या जागी संध्याकाळी १७० यायचं. दाब कमी झाला की मोटर तेवढंच काम करायला करंट जास्त खाते आणि तापते. तारेवरचं इनॅमल उष्णतेनं मरतं. जाणकारांचा ढोबळ हिशेब असा की वाइंडिंग सतत दहा अंश जास्त तापत राहिलं तर त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून आम्ही पाणी पहाटे भरायला लागलो, तेव्हा दाब बरा असतो.

मिस्त्रींच्या दुकानात मी तासन् तास बसलोय. जळालेली मोटर आली की काही जण स्टेटर सरळ जाळावर टाकतात, म्हणजे जुनी तार मऊ होऊन पटकन निघते. मिस्त्री तसं करत नाहीत. त्यात स्टेटरच्या पत्र्यांमधला थर जळतो आणि मग नवी तार भरली तरी मोटर तापतच राहते. ते छिन्नीनं तारेचे गठ्ठे कापतात आणि एकेक ओढून काढतात. काढताना वेढे मोजतात. त्यांच्याकडं एक लांबोडकी वही आहे. गावाचं नाव, मोटर, किती वेढे, तारेचा गेज, वजन, तारीख. आमच्या घराच्या मोटारीच्या त्यात नोंदी आहेत. नवी तार भरली की वार्निश पाजायचं आणि दोन दिवस मोठ्या बल्बखाली सुकवायचं. घाई असलेलं गिऱ्हाईक म्हणतं, आजच द्या. मिस्त्री म्हणतात, मग दुसरीकडं न्या.

आता अशा दुकानात पोरं शिकायला येत नाहीत. स्वस्तातल्या मोटारीत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार निघते. ॲल्युमिनियम विजेला तांब्याच्या साठेक टक्केच वाट देतं, शिवाय सांधे टिकत नाहीत. काहींची बॉडी अशी दाबून बंद केलेली असते की उघडताना ती बादच होते. त्यांना मिस्त्री हातच लावत नाहीत.

२०११ च्या उन्हाळ्यात आड कोरडा पडला आणि पुढच्या पावसाळ्यातही त्याला पाणी आलं नाही. मोटर ठणठणीत होती, पाणीच राहिलं नव्हतं. आजूबाजूला बोर झाली होती. आमच्या भागातला खडक मी विहिरी खांदताना पाहिलाय: वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, कुठं मधेच गेरूचा तांबडा पट्टा. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या चिरांमध्ये. खालचा पाषाण सलग असतो, त्यात पाणी लागलं तर नशिबानं. शेजारच्या बोरनी त्याच चिरा खालून तोडल्या की वरच्या आडाला काय उरणार? भूजलाचा २००९ चा कायदा आहे. शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली विहीर घेऊ नये असं त्यात आहे. शिवारात मात्र चारशे-साडेचारशे फुटांची बोर आमच्या डोळ्यांदेखत झाली.

२०१२ ला आम्हीही पिण्यासाठी बोर घेतलं. पाणाड्या आला, तळहातावर नारळ उभा राहिला, त्याला पाचशे रुपये दिले. माझा विश्वास नव्हता, पण भावकीत कुणी म्हणू नये की एवढ्याशा पैशासाठी पाहिलं नाही. गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची होती. देशभर बोर घेणाऱ्या गाड्या बहुतेक तिकडच्याच. दोनशे वीस फूट गेलं. चाळीस फुटांवर ओल, एकशे दहावर पाणी, त्याखाली नुसता काळा भुगा. एक हॉर्सपॉवरची सबमर्सिबल एकशे नव्वद फुटांवर सोडली.

ती २०१४ ला जळाली. भरली. २०१६ ला परत जळाली, तेव्हा मुलानं नवी आणली. ती फेब्रुवारी २०१९ मध्ये गेली.

२०१८ चा पाऊस असा होता की ऑक्टोबरातच सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. फेब्रुवारीत मोटर गेल्यावर पाणी आणायचं ते गावठाणातल्या विहिरीवरून, जिच्यात टँकर खाली व्हायचा. सतरा दिवस आमच्या घरच्या बाया तिथं रांगेत होत्या. सूनबाईला सहावा महिना चालला होता, तिला मंडळींनी जाऊ दिलं नाही. मंडळींचे गुडघे तेव्हाच गेलेले. मी आणि मुलगा मोटारसायकलला कॅन बांधून आणायचो, पण गुरांचं पाणी त्यात भागत नव्हतं. एक दिवस रात्री जेवताना मुलगा आणि मी मोटारीवर बोलत होतो, कोणती कंपनी, किती हॉर्सपॉवर. मंडळी म्हणाल्या, "मोटर तुमची जळती, हंडा माझ्या डोक्यावर येतो." मग कुणी बोललं नाही.

बोरमधून मोटर काढणं म्हणजे आडातून काढण्यासारखं नाही. तिवई लावायची, कप्पी बांधायची, चार माणसांनी एकशे नव्वद फूट काळा पाईप, केबल आणि नायलॉनचा दोर एका वेगानं ओढायचा. दोर सुटला तर मोटरही गेली आणि बोरही बुजलं. दर वेळी दीड-दोन हजार नुसत्या काढण्या-सोडण्याचे.

मुलाचं म्हणणं होतं, आता भरायची नाही. भरायला अडीच हजार, काढायला-सोडायला दोन, आणि परत दोन वर्षांनी तेच. त्यापेक्षा बोर चारशे फूट खोल करू आणि दीड हॉर्सपॉवरची नवी मोटर टाकू. सगळं मिळून साठ हजारांच्या घरात. सोसायटीतून उचल मिळणार होती. बाजारात लोक सांगतात तो हिशेब त्याच्या बाजूनं होता: दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीच्या वर गेली की नवीन घ्यावं. मला तो हिशेब कधीच पटला नाही. कारण त्यात जुनी कशानं मेली हा प्रश्नच नाही. ज्यानं जुनी मारली ते तिथंच बसलेलं असलं तर नवी काय करणार?

मोटर घेऊन आम्ही दोघं मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी आधी वाइंडिंग उघडलंच नाही. वरचा पंपाचा भाग उघडला. आतले इम्पेलर प्लॅस्टिकचे असतात, एकावर एक ताटल्या ठेवल्यासारखे. ते वितळून एकमेकांना चिकटले होते. मिस्त्रींनी तो गोळा मुलाच्या हातात दिला.

"दादा, ह्याला व्होल्टेज काय करंल? हे कोरडं चाललंय. बोरची मोटर पाण्यानंच गार राहती. पाणी सरलं आन् मोटर चालू राहिली तर दहा मिनिटांत हे आसं होतं. तुमच्या बोरला पाणी किती येळ टिकतं?"

मुलगा म्हणाला, "टाकी भरंस्तोवर चालू ठेवतो."

"टाकीचं नाय इचारलं. बोरचं इचारलं."

मिस्त्रींनी दुकानातली जुनी मोटर दोन दिवसांसाठी दिली. ती सोडून आम्ही दोनशे लिटरचा बॅरल आणि घड्याळ घेऊन बसलो. पाच मिनिटांत बॅरल भरायचा, म्हणजे मिनिटाला चाळीस लिटर. बाराव्या मिनिटाला पाणी फेसाळलं आणि पायपातून हवा यायला लागली. बंद केली. साडेसहा इंची बोरमध्ये एका फुटाला साडेसहा लिटर पाणी मावतं, हा हिशेब पोरानंच मोबाइलवर केला. मोटारीच्या वर सत्तर फूट पाणी उभं होतं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्याला बोरचं पाणी म्हणत होतो ते बरंचसं रात्रभरात साठलेलं पाणी होतं. तीन तास थांबून परत चालवली, नऊ-दहा मिनिटं पाणी आलं. ते मोजलं आणि तीन तासांनी भागलं तर चिरांमधून येणारं पाणी मिनिटाला दोन लिटर. ऐकायला किती थोडं वाटतं. पण दिवसाची मिनिटं १४४०. भर दुष्काळात आमचं बोर चोवीस तासांत अठ्ठावीसशे-तीन हजार लिटर देत होतं! सरकारी मापानं खेड्यात माणशी रोज ५५ लिटर लागतं. आम्ही सात माणसं आणि चार गुरं. सगळं भागून उरत होतं, फक्त मोटारीनं पाण्याच्या चालीनं चालायला हवं होतं.

मुलगा लगेच कबूल झाला असं नाही. त्याच्या बरोबरीच्या दोघांनी त्या महिन्यात बोर खोल केली होती. एकाला चारशे तीस फुटांवर नुसती धूळ निघाली, हे आम्ही जाऊन पाहिलं. दुसऱ्याला दीड इंच पाणी लागलं, हेही पाहिलं. ते सांगितलं पाहिजे. पण त्या दुसऱ्याच्या बोरनंतर खालच्या वस्तीवरचा हापसा पंधरा दिवसांत आटला. त्यावर वस्तीवरच्या म्हातारीनं जे शिव्याशाप दिले ते इथं लिहीत नाही.

अखेर साठ हजारांची उचल घेतली नाही. अर्ध्या हॉर्सपॉवरची सबमर्सिबल घेतली, मिनिटाला पंधरा लिटर देणारी. पॅनलमध्ये टायमर आणि पाणी सरलं की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र बसवलं. ते मुलानं नगरवरून आणलं आणि स्वतः जोडलं, मिस्त्री नुसते बघत उभे होते. वीस मिनिटं चालू, तीन तास बंद. मधल्या वेळात लाइट गेली तर तेवढा फेरा चुकतो. अंगणात हजार लिटरचा हौद बांधला, बोर त्याच्यात पाणी टाकतं. आणि हौदातून छतावरच्या टाकीत पाणी चढवायला, आठ वर्षं पोत्यात गुंडाळून ठेवलेली १९८९ ची मोनोब्लॉक काढली. बेरिंग आणि कपॅसिटर नवे टाकले, फुटबॉल नवा, आणि पहिल्याच दाबाला तिनं पाणी धरलं. तिच्यात मूळचं आता काय राहिलंय म्हणाल तर बिडाची बॉडी, शाफ्ट आणि कंपनीच्या नावाची पत्री. पण तिला ओढायला हौदातलं तीन फूट पाणी आहे. अशा कामावर ती माझ्या मागंही चालंल.

आमच्यापासून लांब नाही ते हिवरे बाजार. पोपटराव पवारांचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. तिथं पावसाळा संपला की गाव बसून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरवतं. शेतीला बोर घ्यायची नाहीत, असं त्यांनी फार आधीच ठरवलं. लोक तिथं बांध-बंधारे बघायला जातात. २०१९ च्या पावसाळ्यानंतर मीही गेलो, आणि माझं लक्ष गेलं ते विहिरींवरच्या मोटारींकडं. एकाला विचारलं, मोटर किती वर्षांची? तो म्हणाला, लक्षात नाही. मला त्या उत्तराचा हेवा वाटला. आमच्या शिवारात कुणालाही विचारा, मोटर कधी जळाली ते तो तिथीसकट सांगतो.

गावात मी हे दोन-तीनदा बोललो. दोघांनी बोर मोजली. बाकीचे म्हणतात, तुमचं घरापुरतं आहे, आम्हाला डाळिंब जगवायचंय. त्यांचंही खोटं नाही. डाळिंबाला माझ्या तीन हजार लिटरनं काही होणार नाही, आणि बाग वाळताना पाहणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे.

पॅनलवर अँपिअरचा काटा आहे. सूनबाईनं त्याची सवय लावून घेतली. दर सोमवारी मोटर चालू असताना काटा बघते आणि कॅलेंडरवर लिहिते. आमच्या मोटारीचा काटा साडेचारवर असतो. वर सरकला तर काहीतरी अडकतंय किंवा बुश झिजलाय, खाली उतरला तर पाणी कमी. बोरचं पाणी जड आहे, पायपाला पांढरा थर धरतो, म्हणून दोन वर्षांनी एकदा मोटर काढून साफ करायची असं ठरवलंय. २०२१ ला काढली, २०२३ ला काढली. दुसऱ्या वेळी कपॅसिटर बदलला, बाकी काही नाही. २०१९ च्या त्या उन्हाळ्यात झालेला नातू आता शाळेत जातो, आणि टायमरचा टक् आवाज झाला की हौदाकडं पळतो.

मिस्त्रींनी गेल्या वर्षी दुकान बंद केलं, नजर कमी झाली. ती वही त्यांनी माझ्या मुलाला दिली. तो काही मोटारी भरत नाही. पण परवा शेजारच्या वस्तीवरून एक जण आला, त्याची बोरची मोटर तिसऱ्यांदा गेली होती. मुलानं त्याला विचारलं, "बोरला पाणी किती वेळ टिकतं?" तो माणूस म्हणाला, टाकी भरंस्तोवर. मुलानं घरातून बॅरल काढला आणि त्याच्या गाडीत ठेवला.